गरीब रुग्णाच्या गाडीचे पासिंग कोण करणार?

गाडीचे ब्रेक, टायर आणि पासिंग हा आंबेडकरी चळवळीचा विषय आहे का, असे तरुण कार्यकर्ते आम्हाला विचारतात. अत्याचाराच्या केसेस वर्षानुवर्षे पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, आरक्षणाला रोज नवी भोके पाडली जात आहेत. अशा वेळी दवाखान्यात जाणाऱ्या रिक्षाचे ब्रेक लायनर कोण बघत बसणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही काम करतो ते विचुंबे हे पनवेल तालुक्यातले, नवीन पनवेलला खेटून असलेले गाव. मूळ गावठाण, त्याच्या भोवती चाळी, आणि त्या चाळींच्या भोवती उभ्या राहिलेल्या इमारती. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि तळकोकणातून पोटासाठी आलेली माणसे इथे राहतात, त्यात आपली बौद्ध कुटुंबेही आहेत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा विचुंबे तिच्या हद्दीबाहेर राहिले. ग्रामपंचायत कायम राहिली आणि नियोजन सिडकोच्या नैना प्रकल्पाकडे गेले. म्हणजे लोकसंख्या शहराची आणि सोयी गावाच्या. घरकामाला जाणाऱ्या बाया, नाका कामगार, सिक्युरिटी गार्ड, साफसफाईवाले हे सगळे रोज शहर चालवायला जातात आणि आजारी पडले की त्याच शहरातल्या दवाखान्यात जायला गाडी शोधत फिरतात.

कुठे कुठे जावे लागते ते पाहा. डायलिसिसला पनवेल, कामोठे किंवा कळंबोली. कर्करोगासाठी खारघरचे टाटाचे केंद्र, नाहीतर थेट परळ. साध्या तपासणीला पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय, मोठ्या कागदपत्रांसाठी अलिबागचे जिल्हा रुग्णालय. नेऱ्याच्या पुढे माथेरानच्या पायथ्याला असलेल्या वाड्यांमधल्या कातकरी आणि ठाकूर बांधवांचे हाल तर याहून वाईट आहेत. त्यांना आधी नेऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत यायचे असते आणि तिथून पुढे पनवेलला.

यातल्या एकाही प्रवासाला १०८ ची गाडी येत नाही आणि ती यायलाही नको, कारण ती तातडीच्या प्रसंगासाठी आहे. जानेवारी २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ ची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका ठरल्या, त्यातल्या २३३ अत्याधुनिक जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक. अपघात, हृदयविकाराचा झटका, विषबाधा, अडलेले बाळंतपण यासाठी ती गाडी आहे. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ आहे. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घर ते दवाखाना, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी असा मोफत प्रवास हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. उरला तो रुग्ण कोण? जो मरणाच्या दारात नाही, पण ज्याला धड चालताही येत नाही. ज्याला आज जायचे आहे, परवा जायचे आहे आणि पुढच्या आठवड्यातही जायचे आहे.

डायलिसिसचाच हिशेब करू. आठवड्याला तीन वेळा डायलिसिस, म्हणजे जाऊन-येऊन सहा फेऱ्या. वर्षाच्या ३१२ फेऱ्या. एखादा आयटीवाला कंपनीच्या बसने जितक्या वेळा जात असेल, जवळपास तितक्याच वेळा हा माणूस रस्त्यावर असतो. फरक इतकाच की परतीच्या फेरीत त्याचा रक्तदाब घसरलेला असतो, पायात गोळे आलेले असतात, हातातल्या फिस्टुलावर पट्टी असते आणि जोराचा धक्का बसला तर तिथून रक्त वाहू शकते. अशा माणसाला चार जणांच्या शेअर रिक्षात, ड्रायव्हरच्या शेजारच्या अर्ध्या सीटवर एका दांडीला धरून बसावे लागते. केमोथेरपी घेतलेल्या बाईची प्रतिकारशक्ती गेलेली असते, तिला स्वच्छ गाडी हवी. क्षयरोगाच्या रुग्णाला खेळती हवा हवी, त्याच्यासाठीही आणि शेजारच्यासाठीही. लकवा मारलेल्या म्हाताऱ्याला कमरेला पट्टा हवा, नाहीतर पहिल्या गतिरोधकाला तो पुढच्या सीटवर जाऊन आदळतो. या गोष्टी गाडीत आहेत की नाहीत हे बघणारा माणूस आज नाही. दवाखान्यात नाही, पंचायतीत नाही, परिवहन कार्यालयातही नाही.

आता सरकार या प्रवासाकडे कसे बघते ते पाहू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. म्हणजे आपल्या जिल्ह्याला या योजनेचा अनुभव पहिल्या दिवसापासूनचा आहे. योजनेच्या पॅकेजमध्ये खाटेचे भाडे आहे, औषधे आहेत, जेवण आहे. आणि प्रवास? दवाखान्यातून घरी जाण्यासाठी, एकदाच, एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे. आदिवासी भागातल्या क्षयरुग्णाला प्रवासासाठी ७५० रुपये मिळतात, तेही एकदाच. एसटीत डायलिसिसच्या रुग्णांना सवलत आहे, ती चांगलीच आहे, आणि एसटीची गाडी निदान आगारात तपासली तरी जाते. पण पहाटेच्या पाळीच्या डायलिसिसला चाळीच्या दारातून एसटी नेत नाही आणि दुपारी चक्कर येत असताना स्टँडपर्यंत चालवतही नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शिकवले गेले की कोणती गोष्ट मोजली जाते आणि कोणती मोजली जात नाही यावरून राज्यसंस्थेच्या नजरेतली माणसाची किंमत कळते. शस्त्रक्रिया मोजली जाते कारण तिचे बिल होते आणि बिल दवाखान्याला मिळते. रस्ता मोजला जात नाही, कारण तो रुग्णाच्या खिशातून जातो.

मग लोक काय करतात? जे मिळेल त्यात बसतात. शेअर रिक्षा, शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची इको, कुणाच्या तरी ओळखीची ओम्नी, एखाद्या मंडळाची रुग्णवाहिका, नाहीतर खाजगी रुग्णवाहिका, जिचे एका फेरीचे भाडे बाईच्या आठवड्याच्या पगाराएवढे. भाडे परवडावे म्हणून तीन रुग्ण मिळून एक इको ठरवतात. ही आपापसातली मदत फार मोलाची आहे, तिला आम्ही नावे ठेवत नाही. पण त्या गाडीत काय असते? गोटा झालेले टायर. सरकत्या दरवाजाची कडी तुटलेली, म्हणून आतल्या माणसाने दोरी धरून बसायचे. मागच्या सीटला पट्टा नाही, असला तर सीटखाली दाबलेला. सीएनजीच्या टाकीची तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाली की नाही ते सांगणारी पट्टी गंजलेली किंवा नाहीच.

पांढऱ्या पाटीच्या गाडीबद्दल एक गोष्ट वस्तीत आवर्जून सांगायला हवी, कारण ती बहुतेकांना माहीत नसते. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने माणसे नेत असेल आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढते की गाडी खाजगी वापरासाठी होती, तुम्ही ती धंद्याला लावली. नुसता थर्ड पार्टीचा विमा असेल तर खाजगी गाडीत बसलेल्या माणसाची जोखीम त्यात धरलेलीच नसते. म्हणजे आजारी माणूस गाडीत जखमी झाला तर उपचाराच्या कर्जावर अपघाताचे कर्ज. आणि कोर्टात उभे राहायला पुन्हा गाडीच लागते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५६. प्रवासी किंवा मालवाहतुकीच्या वाहनाकडे योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण फिटनेस किंवा पासिंग म्हणतो ते, नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. गाडी आठ वर्षांच्या आतली असेल तर दोन वर्षांनी पासिंग, त्याहून जुनी असेल तर दरवर्षी. रुग्णवाहिकेला कलम ६६ मध्ये परमिटमधून सूट आहे, पण पासिंगमधून नाही. गंमत पाहा, त्याच कलमात प्रेत आणि प्रेतयात्रेची माणसे नेणाऱ्या गाडीचाही स्वतंत्र उल्लेख आहे. रुग्णवाहिकेची आठवण कायद्याला आहे, शववाहिकेची आहे. उपचाराला जाऊन जिवंत परत येणाऱ्या, सीटवर बसलेल्या रुग्णाची नाही.

कागदावर एक चांगली गोष्ट मात्र आहे. रुग्णवाहिकांसाठी देशात एआयएस-१२५ नावाचे मानक आहे. त्यात चार प्रकार सांगितले आहेत. पहिला प्रथम मदतीला धावणारा, तिसरा आणि चौथा जीवरक्षक सामग्रीचा. दुसरा, म्हणजे टाइप बी, हा नेमका आपल्या कामाचा: तातडी नसलेल्या रुग्णाची ने-आण करणारे वाहन. दरवाजे किती उघडावेत, स्ट्रेचर कसे जखडलेले असावे, आतले साहित्य धक्क्याने उडू नये म्हणून काय करावे, हे सगळे असल्या मानकात येते. पण हे मानक गाडी तयार होताना लागते. तीच गाडी आठ वर्षे खड्ड्यांतून फिरल्यावर स्ट्रेचरचे कुलूप लागते का, ऑक्सिजन सिलिंडरचा पट्टा शाबूत आहे का, हे बघायला वर्षाच्या पासिंगमध्ये आरोग्य खात्याचा माणूस उभा नसतो. मोटार वाहन निरीक्षक ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर बघतो. रुग्ण ज्या भागात असतो तो मागचा डबा दोन्ही खात्यांच्या मधल्या जागेत पडतो.

त्या मधल्या जागेत काय होऊ शकते ते १३ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री जळगावने पाहिले. एरंडोलच्या सरकारी रुग्णालयातून एका गरोदर बाईला जळगावच्या जिल्हा रुग्णालयात नेत होते. शहरात दादावाडीजवळ चालकाला इंजिनातून धूर येताना दिसला. त्याने गाडी थांबवली, बाईला आणि तिच्या नातेवाइकांना खाली उतरवले, आजूबाजूच्या लोकांनाही लांब जायला सांगितले. थोड्याच वेळात आग भडकली आणि आतल्या ऑक्सिजन सिलिंडरचा स्फोट झाला. आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने मोबाईलवर पाहिला, फॉरवर्ड केला आणि विसरून गेला. ती बाई वाचली ती चालकाच्या प्रसंगावधानामुळे. त्या चालकाला आमचा मनापासून जय भीम. पण बाळंतपणाला निघालेल्या बाईचा जीव चालकाला धूर वेळेत दिसण्यावर अवलंबून असावा, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

पासिंगचा कागद असला म्हणजे झाले, असेही कुणी समजू नये. पुण्याच्या एका जागरूक नागरिकाने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती की परिवहन कार्यालयांत गाड्या न तपासताच प्रमाणपत्रे दिली जातात. न्यायालयाने ती फार गांभीर्याने घेतली. ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवा, ट्रॅक नसलेल्या कार्यालयाने प्रमाणपत्र देऊ नये, इथपर्यंत आदेश गेले. २०१८ मध्ये राज्यात तीसहून जास्त परिवहन अधिकारी याच कारणासाठी निलंबित झाले. म्हणजे आमचा आरोप नवा नाही, न्यायालयाच्या नोंदीत आहे. रिक्षा स्टँडवर कुणालाही विचारा, पासिंगपुरते चांगले टायर लावून आणायचे आणि दुसऱ्या दिवशी जुने चढवायचे ही काही गुपित राहिलेली युक्ती नाही.

आता कुणी म्हणेल, खराब गाडीचा धोका सगळ्यांनाच आहे, त्यात जात कुठून आली? इथे शाळेच्या बसचे उदाहरण बघण्यासारखे आहे. महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी वेगळे नियम केले. रंग ठरला, वेगमर्यादा ठरली, आतली मदतनीस बाई ठरली. आणि सगळ्यात महत्त्वाचे, प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असे ठरले. मुख्याध्यापक, पालक, पोलीस आणि परिवहन खात्याचा माणूस त्यात बसून गाड्यांची कागदपत्रे आणि अवस्था बघतील. ही तरतूद चांगलीच आहे, आपलीही मुले त्या बसने जातात. पण ती का झाली? कारण फी भरणारे, बोलू शकणारे, वर्तमानपत्रात पत्र लिहिणारे पालक मागे होते. डायलिसिसच्या रांगेत बसलेल्या नाका कामगाराच्या मागे असा आवाज नाही. जात पाटी लावून प्रत्येक वेळी येत नाही. कुणासाठी समिती होते आणि कुणासाठी होत नाही, यातूनही ती दिसते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातला एक प्रसंग या जागी सांगितलाच पाहिजे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत तो आहे. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात फिरत होते. चाळीसगावला उतरले तेव्हा महारवाड्यात नेण्यासाठी टांगा हवा होता. महार माणसाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोडगा असा निघाला की टांगा भाड्याने देतो, हाकणार मात्र नाही. आपल्या पाहुण्याने पायी चालत यावे हे वस्तीतल्या लोकांना पटेना, म्हणून त्यांच्यातल्याच एकाने लगाम हातात घेतले. त्याला टांगा हाकता येत नव्हता. नदीवरच्या पुलापाशी चाक अडकले, घोडा उधळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, टांगा आणि घोडा खाली नदीत. पाय मोडला, कित्येक दिवस ते जायबंदी होते.

हा प्रसंग आपण नेहमी अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण बाबासाहेबांनी त्यात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही. पाहुण्याचा मान राखण्याच्या नादात प्रवाशाची सुरक्षितता त्यापेक्षा मोठी आहे हे वस्तीतल्या लोकांच्या ध्यानात आले नाही, असे ते स्वच्छ लिहितात. ज्यांनी जीव लावला त्यांच्याच हातून जीव धोक्यात आला. त्यांच्यावर राग नाही, पण निरीक्षणात सूटही नाही. टांगेवाल्याच्या जातीयवादाने वाहनातून कुशल चालक काढून घेतला आणि उरलेली जागा प्रेमाने भरली. प्रेमाला लगाम धरता येत नव्हता.

आज १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला गावोगावी रुग्णवाहिकेचे लोकार्पण होते. आमदार निधीतून, खासदार निधीतून, वर्गणीतून. फुलांचे हार, निळे झेंडे, दोन्ही बाजूंना साहेबांचे फोटो. भावना खरी असते, कित्येकांचे प्राण या गाड्यांनी वाचवले आहेत. पण लोकार्पणानंतर तिसऱ्या वर्षी ती गाडी कुठे असते? चालकाचा पगार कोण देतो? टायर कधी बदलले? पासिंग कधी संपले? ज्या मंडळांनी गाडी घेतली त्यांनी देखभालीची वही ठेवली आहे का? सरकारी गाड्यांना निदान एक शेवट ठरलेला आहे, पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते. मंडळाच्या आणि ट्रस्टच्या गाडीला तसा शेवट नाही, ती ढकलत ढकलत चालते. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. गाडी फुकट असली तरी तपासणीतून सूट नाही. सेवा कोण देतो यावर ब्रेक अवलंबून नसतात. आपल्या माणसाची गाडी असेल तर तिची वही आधी तपासावी, म्हणजे दुसऱ्याला जाब विचारताना तोंड वर राहील.

या मागणीवर सगळ्यात मोठी हरकत रिक्षावाल्या बांधवांकडून येते आणि ती ऐकून घेतलीच पाहिजे, कारण ते आपल्याच वस्तीतले आहेत. तपासणी म्हणजे दंड, दंड म्हणजे एजंट, एजंट म्हणजे दोन दिवसांचा धंदा गेला, असा त्यांचा अनुभव. पासिंग उशिरा केले तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्काचा नियम आला, २०२४ मध्ये त्याची वसुली सुरू झाली तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती स्थगित करावी लागली. त्यांचा राग योग्य होता. सहा महिने गाडी दारात पडून असलेल्या माणसाने नऊ हजार रुपये कुठून भरायचे? दंडावर आधारलेली तपासणी गरिबाची गाडी रस्त्यावरून हटवते, सुधारत नाही. आणि गाडी हटली तर आपला रुग्ण घरीच राहतो, एक डायलिसिस चुकते, दुसरे चुकते.

म्हणून आम्ही मागतो आहोत ती तपासणी वेगळी आहे. जो रिक्षावाला किंवा इकोवाला रुग्णांची नियमित ने-आण करायला तयार आहे त्याची दवाखान्यात नोंद व्हावी. गाडी परवान्याची, पिवळ्या पाटीची असावी. दर तीन महिन्यांनी दवाखान्याच्या आवारातच तिची तपासणी व्हावी, फी न घेता. दोष निघाला तर दंडाऐवजी दुरुस्तीला मुदत आणि अनुदान मिळावे. फेरीचे भाडे योजनेतून थेट चालकाला मिळावे, म्हणजे चौथी सीट भरायची त्याला गरजच पडणार नाही. आणि या सगळ्यावर देखरेखीला, शाळेच्या धर्तीवर, प्रत्येक डायलिसिस केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात रुग्ण परिवहन समिती असावी. तीत रुग्ण असावेत, चालकांचा प्रतिनिधी असावा, परिवहन आणि आरोग्य दोन्ही खात्यांची माणसे असावीत. शाळेला जे जमते ते दवाखान्याला का जमू नये?

हे स्वप्नरंजन आहे असे कुणाला वाटत असेल तर बाहेर बघा. अमेरिकेत, जिथे आरोग्यसेवा बाजाराच्या ताब्यात आहे, तिथेही गरिबांच्या मेडिकेड योजनेत दवाखान्यापर्यंत नेण्या-आणण्याची हमी राज्यांना द्यावी लागते. २०२१ पासून ही हमी थेट कायद्यात आहे आणि चालकांसाठी किमान अटीही तिथेच लिहिलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये रुग्ण ने-आण सेवेची तपासणी दवाखाने तपासणारी संस्थाच करते, कारण प्रवास हा उपचाराचा भाग धरला जातो. आपल्याकडेही पाया आहे. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार न मिळणे हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तो खटला रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराचा होता, एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला परत पाठवले होते. त्याच निकालात रुग्णवाहिकांची नीट व्यवस्था असावी असेही राज्याला बजावले गेले. पैसे नाहीत ही सबब घटनात्मक कर्तव्यापुढे चालणार नाही, हेही. निकाल तातडीच्या उपचाराबद्दल होता हे खरे. पण ज्याचे डायलिसिस दोनदा चुकले तो तिसऱ्या वेळी तातडीचाच रुग्ण होऊन येतो.

आता कामाचे. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा आणि पीयूसी कधी संपते ते कुणालाही दिसते. आपल्या वस्तीतून दवाखान्यात जाणाऱ्या दहा गाड्यांचे नंबर घ्या आणि बघा. यादी बनवा, पण ती फेसबुकवर टाकू नका, आधी चालकाला दाखवा आणि त्याच्याशी बोला. बहुतेक वेळा कागद संपल्याचे त्याला माहीत असते, पैसे नसतात.

पनवेलचे प्रादेशिक परिवहन कार्यालय कळंबोलीत आहे. तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करा: एमएच-४६ मध्ये नोंद असलेल्या रुग्णवाहिका किती, त्यातल्या किती गाड्यांचे योग्यता प्रमाणपत्र आज वैध आहे, गेल्या वर्षभरात तपासणीत नापास झालेल्या रुग्णवाहिका किती. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण एकही नापास नसेल तर तपासणी कशी होते ते तिथेच कळेल. उत्तराची मुदत ३० दिवस, नंतर पहिले अपील. दुसरा अर्ज जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात, अलिबागला: डायलिसिसच्या रुग्णांच्या प्रवासासाठी कोणती तरतूद आहे आणि रुग्णालयाच्या स्वतःच्या गाड्यांच्या आतल्या साहित्याची तपासणी कोण करतो.

ग्रामसभेत ठराव मांडताना एक आकडा लक्षात ठेवा. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो. तो बहुतेक ठिकाणी गटार आणि पेव्हर ब्लॉकमध्ये जातो. त्यातून रुग्ण फेऱ्यांचे भाडे देता येईल का, हे ग्रामसेवकाला लेखी विचारा, 'वरून विचारून सांगतो' हे उत्तर आले तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या. ठरावाची भाषा साधी ठेवा: 'गावातील डायलिसिस, कर्करोग, क्षयरोग व दिव्यांग रुग्णांची यादी करावी, त्यांना ने-आण करणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवावी आणि तालुका आरोग्य अधिकारी व परिवहन कार्यालयाला संयुक्त तपासणीसाठी कळवावे.' सूचक म्हणून रुग्णाच्या घरातल्या बाईचे नाव द्या, अनुमोदक म्हणून एखाद्या रिक्षाचालकाचे. अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या.